काडेपेटीएवढं चित्र

…नाही पण मला एक सांगा, माणसानं तीन वर्षं मान मोडून, डोळे फोडून एक अख्खा गेम बनवावा, एकट्यानं, आणि शेवटी त्याचा जीव जावा तो कशापायी? तर चित्रापायी! आणि चित्र केवढं? काडेपेटीएवढं! आणि ताप केवढा? उजनीच्या धरणाएवढा!

तुम्हाला सांगतो, इंदापूरच्या अल्ताफनं हे सगळं भोगलंय. अल्ताफ म्हणजे बादशाहभाईंचा पोरगा. आता बादशाहभाई कोण? इंदापुरात चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही बाप्याला विचारा, की बाबा, एस.टी. स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान कुणाचं होतं? तो आधी इकडं बघंल, तिकडं बघंल, बायको जवळ नाही याची खात्री करंल, आणि मग गालातल्या गालात हसंल. रुपयाला एक डाव! दप्तर बाकाखाली, चप्पल दाराशी, आणि नाक त्या फुगीर काचेला टेकलेलं! पण मग एके दिवशी गावातल्या आया आल्या की हो मोर्चा घेऊन. "आमची पोरं बिघडवता व्हय तुमी?" बादशाहभाईंनी काय केलं? शिडी लावली, स्वतःच्या हातानं पाटी उतरवली. आता त्याच जागेत मोबाईलचं दुकान आहे, कव्हर, चार्जर, काच बसवून मिळेल. आणि त्याच आया आता आज्या होऊन येतात, "भाई, ह्या नातवाच्या मोबाईलला जरा दणकट काच बसवा, दिसभर गेम खेळतंय नि पाडतंय!" भाई काच बसवतात.

तर अल्ताफचं लहानपण गेलं त्या मशिनींच्या टूं-टूं-टिंग आवाजात. पुढं तो शिकला, कॉम्प्युटरवर कामं करायला लागला, लग्न झालं, सुहाना घरात आली, ती बारामतीला शाळेत शिकवते, रोज जाऊन-येऊन. सगळं सुरळीत! आणि सुरळीत चाललं की माणसाला काहीतरी सुचतंच. अल्ताफला सुचलं, आपण एक गेम बनवायचा, अगदी अब्बांच्या दुकानातल्यासारखा, जाडजाड चौकोनी ठिपक्यांचा, तसाच टूं-टूं वाजणारा. नाव, 'डबल ट्रॉली'. ट्रॅक्टर, मागं उसानं लादलेल्या दोन ट्रॉल्या. बनवला! आणि चांगला बनवला हो!

पण गेम बनवून भागतं का? तो काय हातगाडीवर घालून विकतात? इंटरनेटवर त्याचं भलंमोठं दुकान असतं. जगातले हजारो गेम तिथं ओळीनं मांडलेले, आणि प्रत्येकाचं दर्शनी काय? तर एवढंसं चित्र! बघणारा माणूस अंगठ्यानं सरकवत जातो, सर्र… सर्र… तुमच्या चित्रावर अंगठा थांबला तर थांबला, नाहीतर तुमची तीन वर्षं सर्रकन वर! थांबला, तर तो चित्रावर टिचकी मारणार, आत येणार, दोन ओळी वाचणार, आणि मग ठरवणार. म्हणजे मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना तरी आपण चहा पाजतो, बसा म्हणतो. इथं पाहुणा चालत्या गाडीतनं बघणार!

अल्ताफनं त्या इंटरनेटच्या दुकानात आपल्या गेमचं पान टाकलं, फुकट खेळायला एक तुकडाही ठेवला. महिना गेला. 'आवडला, पुढं घेईन' अशी खूण किती जणांनी केली? हाताच्या बोटांवर. त्यातलं एक बोट सुहानाचं, एक अल्ताफचं स्वतःचं, आणि उरलेली बहुतेक त्याचा मित्र अविराज, वेगवेगळ्या नावांनी!

डिसेंबरात त्या दुकानात जुन्या धाटणीच्या गेमांचा मेळा भरणार होता. सगळ्या जगातनं शौकीन येणार, गेमचा थोडा तुकडा फुकट खेळून बघणार. अल्ताफनं जेवताना जाहीर केलं, "मेळ्यात कुणी इचारलं तर ठीक. न्हायतर हा कॉम्प्युटर पोत्यात बांधतो, नि अब्बा, तुमच्या शेजारी काच बसवायला बसतो." अम्मी, म्हणजे मेहबूबबी, म्हणाल्या, "बरंच हाय की, मान तरी सरळ ऱ्हाईल." आणि बादशाहभाई? त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला… परत काढला, परत पुसला.

तेव्हा अल्ताफ लागला चित्राच्या मागं. पहिलं चित्र त्यानं स्वतः काढलं. काय नव्हतं त्यात! ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, रस्ता, कालवा, दोन्ही बाजूला फड, लांब कारखाना, कारखान्याची चिमणी, चिमणीतनं धूर, धुरावर मावळता सूर्य, सूर्यावर बगळे! मोठ्या पडद्यावर बघितलं तर डोळ्यांचं पारणं फिटावं. पण चित्र केवढं? काडेपेटीएवढं! ते बारीक केलं आणि मोबाईल धरला अम्मीपुढं. अम्मींनी मोबाईल लांब धरला, जवळ धरला, तिरका धरला. "भाजी चांगली दिसतीय रं."

"कुठली भाजी, अम्मी?"

"ही काय, पालकाची. वर लसणाची फोडणी हाय. पर करपलीय जरा."

तो सूर्य हो! ती फोडणी म्हणजे सूर्य!

आता घरात एवढं झाल्यावर माणूस मित्राकडं जाणारच. आणि मित्र कोण? अविराज! काटेवाडीचा गडी, बारामतीत फ्लेक्सचं दुकान. तुम्ही त्याचं काम बघितलं असणार, बघितलं नाही असं होणारच नाही, कारण ते चौकात रस्ता अडवून उभं असतं. वाढदिवस, निवड, नियुक्ती, दहावीत पोरगं पास, नवा जेसीबी घेतला… अविराजचा फ्लेक्स! तो म्हणाला, "आल्त्या, तू लोड घिऊ नगंस. तुझ्या गेमचं असलं चित्र करतो, की जग हितं वाकून बघंल!"

आणि केलं. अहो काय केलं! मध्ये सोन्याच्या अक्षरात नाव, अक्षरांना आग लागलेली. मागं किरणं. ट्रॅक्टर चकचकीत, सायलेन्सरमधनं जाळ. ट्रॅक्टरवर दंडाच्या बेडक्या फुगवलेला एक पैलवान. पैलवानाच्या शेजारी डरकाळी फोडणारा सिंह. वर कोपऱ्यात गॉगल लावलेले बादशाहभाई, 'प्रेरणास्थान'. आणि खाली ओळीनं गोल गोल फोटो, 'शुभेच्छुक'. त्यात पहिला अविराज!

अल्ताफ म्हणाला, "अव्या, गेममधी सिंह कुठं हाय?"

"नसू दे की! फ्लेक्सवर असतोच. सिंहाबिगर भारदस्तपणा येत न्हाय."

"आन् हे शुभेच्छुक?"

"माणसं जोडावी लागत्यात, आल्त्या. एकदा का फोटू छापला, की तो माणूस दहा जणास्नी दाखवतो."

आता मित्राचं मन कसं मोडायचं? आणि खरं सांगायचं तर अल्ताफलाही वाटलं, असेल बाबा, लोकांना हेच आवडत असेल. चढवलं ते चित्र. आणि आली की माणसं! थोडी, पण आली. गेमचा फुकट तुकडा उतरवून घेतला, खेळली. अल्ताफला आनंद मावेना. आणि दुसऱ्या दिवशी कुठल्याशा लांबच्या देशातल्या भल्या माणसानं खाली लिहिलं, अगदी नम्रपणे हं, चिडून नाही, की "मी तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचलो. ट्रॅक्टर छान आहे. सिंह कधी येतो?"

घ्या! सिंह कधी येतो? तो माणूस बिचारा कामावरनं घरी येऊन, चहाचा कप घेऊन, उसाच्या फडातनं सिंहाची वाट बघत बसला असणार! दुसऱ्यानं मात्र नम्रपणा ठेवला नाही. त्यानं लिहिलं, "चित्रात एक, आत दुसरंच. फसवणूक." आणि तो शब्द अल्ताफला लागला. कारण काय आहे, बादशाहभाईंना गाव काहीही बोललं असेल, पण मशिननं रुपया गिळला आणि डाव दिला नाही, तर भाई मशिन उघडून रुपया परत द्यायचे. फसवणूक हा शब्द त्या घरात कधी आलाच नव्हता. तो आला कशामुळं? काडेपेटीएवढ्या चित्रामुळं! ताप केवढा? कारखान्याच्या चिमणीएवढा!

चित्र उतरवलं. मग वर्णन तरी नीट करू म्हणून अल्ताफनं इंटरनेटच्या दुकानातलं वर्णन कागदावर छापून काढलं आणि सुहानाला म्हणाला, वाच. सुहानानं मोठ्यानं वाचायला घेतलं, वर्गात वाचतात तसं. "काळाच्या पडद्याआड गेलेल्या सुवर्णयुगाच्या सोनेरी स्मृतींना उजाळा देणारा, रेट्रो परंपरेचा वारसा जपणारा, एक आगळावेगळा, अविस्मरणीय, भावस्पर्शी अनुभव…" इथं तिनं श्वास घेतला. "…आकर्षक चित्रे, मधुर संगीत, अनेक टप्पे, विविध अडथळे…" परत श्वास. "…या गेमचे मूळ प्रेरणास्थान श्री. बादशाहभाई, इंदापूर, यांच्या आशीर्वादाने…"

"ते अब्बांनी सांगितलंय घालायला," अल्ताफ म्हणाला.

सुहानानं कागद खाली ठेवला. "छान आहे. पण मी करायचं काय?"

"काय म्हंजी?"

"म्हणजे गेममध्ये मी करायचं काय? पळायचं, उडी मारायची, गोळ्या घालायच्या? इतकं वाचलं मी, ट्रॅक्टरचं नावसुद्धा नाही यात!"

आता हे खरंच होतं. पण खरं असलं म्हणून काय बायकोनं बोलायचं? अल्ताफ भडकला! "तीन वर्षं घरात बघतीयास, तुला अजून कळलं न्हाय मी काय करतोय ते?" सुहाना म्हणाली, "मला कळलंय रे. पण ते सगळे काय आपल्या घरात राहतात?" असं झालं की माणूस काय करतो? चप्पल घालतो. अल्ताफनं चप्पल घातली आणि तडक अब्बांच्या दुकानात जाऊन काउंटरमागं बसला. म्हणाला, "अब्बा, मेळ्याची वाट कशाला बघायची? आजपास्नं शिकवा काच बसवायला."

बादशाहभाईंनी त्याच्यापुढं एक मोबाईल ठेवला, काच ठेवली, फडकं ठेवलं. आणि म्हणाले, "शिकवतो. पर तुला म्हणून सांगतो, आयांचा मोर्चा आला तवा मी पाटी उतरवली. कुणी उतरव म्हणलं नव्हतं. नुस्तं वरडत व्हत्या. मीच घाईनं शिडी आणली." एवढंच. परत काचेवर फुंकर मारायला लागले. अल्ताफ त्यांच्याकडं बघतच राहिला. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यानं पहिल्यांदा ऐकलं होतं.

तेवढ्यात सुहाना आली मागोमाग. डबा घेऊन आली, पण डबा निमित्त, भांडण अर्धं राहिलेलं! आणि नेमके त्याच वेळी दुकानात शिरले कोऱ्हाळ्याचे दत्तोबातात्या. तात्यांचे स्वतःचे ट्रॅक्टर, ऊस वाहतुकीला असतात. मोबाईलची काच फुटलेली, आवाज मात्र शाबूत. "काय रं अल्ताफ! गेम काढलायस म्हणं! काय हाय त्यात?"

आता अल्ताफचं डोकं आधीच तापलेलं. त्यानं काच बाजूला सारली आणि एका दमात सांगून टाकलं, "तात्या, काय न्हाय वो! ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडायच्या, ऊस गच्च भरायचा नि कारखान्याला पोचायचं. वाटंत पोरं मागनं ऊस वढत्यात, म्हसरं आडवी येत्यात, वरात रस्ता सोडत न्हाय. जोरात गेलास तर ट्रॉली पलटी, दमानं गेलास तर पोरं ऊस संपवत्यात. बास! एवढंच हाय!"

तात्या काउंटरवर रेलले. "मंग आण की हिकडं! बघू कशी पलटी हुती!"

सुहानानं डबा काउंटरवर ठेवला. "अल्ताफ, आता काय बोललास?"

"काय बोललो?"

"तेच लिही. यातला एक शब्द बदललास तर बघ!"

आणि तुम्हाला सांगतो, तेच लिहिलं! तिनं त्याच बसल्या बैठकीला इंग्रजीत केलं. 'जोरात गेलात तर ट्रॉली पलटी, हळू गेलात तर पोरं ऊस संपवणार.' सोनेरी स्मृती गेल्या, सुवर्णयुग गेलं, आगळावेगळा गेला. बादशाहभाईंचं प्रेरणास्थानही गेलं, ते त्यांनी स्वतःच खोडलं. म्हणाले, "मी काय ट्रॅक्टर चालवतो?"

वर्णन झालं, आता त्यातनं चित्र काढायचं. सगळा रस्ता नाही, सगळा तालुका नाही, एकच घटका! कुठली? तर मागची ट्रॉली एका चाकावर उचललेली, आत्ता पडते की मग पडते, आणि मागं उसाला लोंबकळलेलं एक पोर, पाय हवेत! बस्स. मागं गडद निळं आभाळ, पुढं पिवळाहिरवा ऊस, म्हणजे लांबनंसुद्धा उठून दिसावा. आणि काढलं कसं? गेममध्ये आहेत त्याच जाड चौकोनी ठिपक्यांत. आत जे मिळणार तेच दारावर! नाव लिहायला मात्र अविराजला बोलावलं. तो आला, जरा फुगूनच आला, सिंहाचं त्याला लागलं होतं. पण नाव लिहायला बसला आणि गडी रमला. "नाव कसं पायजे, आल्त्या, मोटारसायकल न थांबवता वाचता आलं पायजे!" दोन ठसठशीत शब्द, पांढरे, काळ्या काठाचे. आग नाही, सोनं नाही. मग जुन्या चित्रातले शुभेच्छुक त्यानं एकेक करून पुसले, प्रत्येकाचं नाव घेऊन पुसले, आणि स्वतःचा गोल फोटो सगळ्यात शेवटी. पुसताना म्हणाला, "दोन मिंटं ऱ्हाऊ दे की." राहू दिला दोन मिनिटं.

पण आता चूक नको. अल्ताफनं काय केलं, तिन्ही चित्रं, पालकाची भाजी, सिंह आणि ही ट्रॉली, काडेपेटीएवढी छापली आणि दुकानाच्या काउंटरवर काचेखाली सरकवली, चार्जरच्या जाहिराती आणि मोबाईल कंपन्यांच्या चिकट्या असतात ना, त्यांच्या गर्दीत. कुणाला काही सांगायचं नाही. नुसतं बसून बघायचं. गिऱ्हाईक यायचं, मोबाईल द्यायचं, काच बसेपर्यंत काउंटरवर नजर फिरवायचं. भाजीवरनं नजर घसरायची. सिंहावर जरा थांबायची, पुढं जायची. आणि मग आल्या छबूबाई! बाजारात भाजी विकतात त्या. मोबाईलमध्ये आवाज येईना म्हणून आल्या होत्या. काउंटरवर हात टेकला, खाली बघितलं, आणि ओरडल्या, "आगं आगं आगं! पडली की गं! आरं त्या पोराला काढा कुणीतरी!"

अल्ताफ उठून उभाच राहिला. बादशाहभाईंच्या हातातलं फडकं खाली पडलं. छबूबाईंना कळेना काय झालं, त्या म्हणाल्या, "काय चुकलं का माझं?" आता त्यांना काय सांगायचं? त्यांचं काम फुकट करून दिलं, आणि वर चहा पाजला. भाजीच्या चित्राकडं त्यांनी ढुंकून बघितलं नाही, आणि त्या भाजीवाल्या!

मेळा उघडला तो दिवस. अल्ताफ कॉम्प्युटरपुढं बसेना. म्हणाला, मी बघणार नाही. अंगणात फेऱ्या मारायला लागला. सुहानानं शाळेत जाता जाता एस.टी.तनं मोबाईलवर बघितलं, आणि काय झालं असेल? ती भिगवण रस्त्यावर उतरून परत आली हो! सुट्टी नाही, रजा नाही, मास्तरीण अशी मध्येच उतरून परत! अल्ताफला वाटलं, संपलं. तिनं मोबाईल पुढं केला. खुणा वाढत होत्या. डोळ्यादेखत! ज्यांचं नाव धड वाचता येत नाही असल्या लोकांच्या! आणि खाली पहिलीच ओळ एका ब्राझीलच्या माणसाची. सुहानानं वाचून दाखवली, "आमच्या गावात पण ऊस. आम्ही पण लहानपणी मागनं ओढायचो. तो चित्रातला पोरगा मी आहे."

कुठं ब्राझील, कुठं इंदापूर! बादशाहभाईंनी ती ओळ परत वाचायला लावली. मग त्यांनी चष्मा काढला. या वेळी पुसायला नाही. आणि अम्मी, "ब्राझीलचा म्हंजी कुनाचा रं? आपल्यातला हाय का?" बादशाहभाई म्हणाले, "आता हाय."

अल्ताफ दुकानात बसायचा नाही हे त्याच दिवशी ठरलं. ठरवलं कुणीच नाही, पण बादशाहभाईंनी काउंटरमागची दुसरी खुर्ची उचलून घरी कॉम्प्युटरपुढं आणून ठेवली. हिला पाठ चांगली आहे म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, चला, सुटला बिचारा! कसला सुटतोय! आता होतंय काय, चित्र बघून माणसं आत येतायत, दोन ओळी वाचून गेम घेतायत, आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला ट्रॉली पलटी करून अल्ताफला शिव्या घालतायत! पोर्तुगीजमध्ये, जपानीमध्ये, पोलिशमध्ये, कुठल्या कुठल्या भाषांमध्ये! हा रोज सकाळी चहा घेऊन बसतो आणि एकेक शिवी भाषांतराला लावतो, कारण काय सांगावं, एखादी तारीफ असायची! परवा तर अगदी रडकुंडीला आला, "अब्बा, बघा वो, ह्यो मला गाढव म्हणतोय!" बादशाहभाईंनी शांतपणे विचारलं, "शिवी घालून परत खेळला का न्हाय?"

"खेळला की. रातभर खेळलाय."

"मंग झालं तर! गाढव तर गाढव. दार उघडं ठेव."